शिळं पाणी

लेन्सच्या सोल्यूशनबरोबर एक कागद येतो. दहा-बारा घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. बहुतेक लोक बाटली काढून घेतात आणि कागद खोक्यासकट केरात टाकतात. मी तो वाचते. (औषधांच्या खोक्यांतलेही वाचते. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते, त्याला इलाज नाही.)

काय असतं त्या कागदावर? नळाचं पाणी लावू नका. थुंकी लावू नका. डबीतल्या जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतू नका. लेन्स तळहातावर चोळून धुवा. लेन्स लावून झोपू नका, पोहू नका, आंघोळ करू नका. डबी दर तीन महिन्यांनी बदला. कारण मात्र कशाचंच दिलेलं नसतं. आजीच्या सोवळ्यासारखं. ‘याला शिवू नको, ते आधी धू, का ते विचारू नको.’ आणि कारण न सांगता घातलेल्या नियमांचं जे होतं तेच यांचंही होतं. आठ दिवस पाळले जातात, मग एकेक करून सुटतात.

पण सोवळ्यात आणि यात एक मोठा फरक आहे. या कागदावरच्या बहुतेक ओळींना साल आहे, गाव आहे. अमुक साली, तमुक ठिकाणी, काही लोकांचे डोळे गेले आणि मग ती ओळ छापली गेली. गेले काही महिने ही सालं शोधायचा नाद लागला होता. आमच्या घरात आत्या, मी आणि आता भाची अशी लेन्सवाल्यांची तिसरी पिढी तयार झालीय, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं. मंडळी, जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

कॉन्टॅक्ट लेन्सचा इतिहास लिओनार्दो दा विंचीपासून सुरू करायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. पाण्याने भरलेल्या भांड्यात तोंड बुडवलं तर कसं दिसेल, याचा विचार त्याने १५०८ च्या सुमारास केला होता खरा, पण त्याला डोळा काम कसा करतो ते समजून घ्यायचं होतं. कुणाचा नंबर घालवायचा नव्हता. थॉमस यंगने १८०१ साली पाण्याने भरलेली छोटी नळी स्वतःच्या डोळ्याला लावून प्रयोग केले, तेही त्याच जातीचे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ कल्पना पाण्याची होती. बुबुळावर पाण्याचा थर धरून ठेवायचा आणि त्याच्या पुढे हवा तसा बाक द्यायचा, की झाली लेन्स.

प्रत्यक्षात ती आली १८८८ साली. झुरिकमधल्या अडोल्फ ऑयगेन फिक नावाच्या डॉक्टरने काचेचं पातळ कवच करवून घेतलं, आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि मग रुग्णांच्या डोळ्यांत बसवलं, आणि त्यावर निबंध लिहिला. ‘कॉन्टॅक्ट’ हा शब्द त्यानेच दिला. ही काच बुबुळावर नव्हे, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची, म्हणजे आकाराने चांगलीच मोठी. काच आणि बुबुळ यांच्या मधल्या फटीत तो द्राक्षसाखरेचं पाणी भरायचा. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात आउगुस्ट म्युलर नावाच्या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याचा स्वतःचा नंबर होता उणे चौदा, त्यामुळे प्रयोगाला डोळा घरचाच. कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला तरी त्याला ती काच अर्ध्या तासापेक्षा जास्त सोसवली नाही. पुढे तो हाडांचा डॉक्टर झाला. मला त्याचं अगदी पटतं.

फिकलाही एक अडचण आली होती. काही तासांनी सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसू लागायचं. याचं कारण पुढे कळलं आणि ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. रात्री डोळे मिटलेले असताना पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून, तोही बेताचाच. त्यावर झाकण घातलं की तो गुदमरतो, सुजतो, धूसर होतो आणि जंतूंना सहज वाट देतो. फिकला वाढवलं त्याच्या काकाने. काकाचं नावही अडोल्फ फिक. कॉलेजात भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेल्यांनी ‘फिकचा नियम’ घोकला असेल, तो या काकाचा, १८५५ चा. लेन्समधून प्राणवायू किती झिरपतो ते आज ज्या हिशेबाने काढतात, त्याच्या मुळाशी हाच नियम आहे. पुतण्याच्या अडचणीचं गणित काका आधीच मांडून बसला होता!

पुढची पन्नास-साठ वर्षं भराभर सांगते. १९३० च्या दशकात काचेच्या जागी प्लास्टिक येऊ लागलं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हिन तुओहीने फक्त बुबुळापुरती, बटणासारखी प्लास्टिकची लेन्स काढली. हीच ती ‘हार्ड लेन्स’. ती पाणी पीत नाही, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे स्वच्छ ठेवायला सोपी.

आमच्या आत्याला १९७० च्या दशकात याच लेन्स मिळाल्या. कारण डॉक्टरी नव्हतं, कांदेपोह्यांचं होतं. जाड भिंगाचा चष्मा लावून पोह्यांची बशी घेऊन जाणाऱ्या मुलीला काय काय ऐकावं लागे ते ज्यांच्या घरात असं कुणी होतं त्यांना ठाऊक आहे. आजोबांनी महिन्याच्या पगारातले बरेच पैसे त्या दोन बटणांवर घातले. आत्याच्या लग्नाच्या आठवणींत सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते ती एकच. भर मांडवात लेन्स पडली आणि ‘कुणी हलू नका!’ अशी आरोळी झाली. भटजींसकट सगळे पुतळे! लेन्स शालूच्या जरीत सापडली. ती उचलून आत्याने काय केलं हे मी विचारलं, तर ती नुसती हसली. त्या पिढीतले हार्ड लेन्सवाले जगभर जे करत तेच केलं असणार. तोंडात घातली, चोखली आणि डोळ्यात लावली. माणसाच्या तोंडात जंतूंची केवढी वसाहत असते हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ‘थुंकी लावू नका’ ही ओळ आमच्या आत्यासारख्यांसाठी आहे.

आता या गोष्टीचा नायक. ओटो विख्तर्ले, चेकोस्लोव्हाकियातला रसायनशास्त्रज्ञ, जन्म १९१३. १९५२ मध्ये ओलोमोउत्स ते प्राग अशा रेल्वेच्या प्रवासात शेजारच्या प्रवाशाच्या हातातल्या मासिकात त्याला कृत्रिम डोळ्यासाठी धातू वापरण्याबद्दलचा लेख दिसला. विख्तर्लेचं म्हणणं असं पडलं की जिवंत शरीरात ठेवायची वस्तू धातूची कशाला, पाणी धरून ठेवणारी, मऊ, जेलीसारखी हवी. सहकारी द्राहोस्लाव लीम याच्यासोबत त्याने तसा पदार्थ तयारही केला. त्याच्या मूळ रसायनाचं लांबलचक नाव आद्याक्षरांनी लहान केलं की होतं ‘हेमा’. (नाही, त्या नाहीत.) १९६० साली ‘नेचर’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

पदार्थ मिळाला, पण त्याची लेन्स नीट जमेना. साच्यातून काढताना कडा फाटायच्या. १९५८ मध्ये राजकीय कारणांनी विख्तर्लेची प्राध्यापकी गेली होती. नव्या संस्थेतही लेन्सच्या कामाला वरून पाठिंबा मिळेना. शेवटी १९६१ च्या नाताळात त्याने घरातच कारखाना मांडला. मुलांच्या ‘मेर्कुर’ खेळण्यातल्या पट्ट्या आणि चाकं (आपल्याकडच्या ‘मेकॅनो’सारखं ते), सायकलच्या दिव्याचा डायनामो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. गरगर फिरणाऱ्या छोट्या साच्यात द्रव थेंब सोडायचा, तो फिरता फिरता बाक घेतो आणि तसाच घट्ट होतो. पहिल्या चार लेन्स त्या दिवशी निघाल्या. मग बायको लिंडा हिच्यासोबत बसून त्याने पुढच्या काही महिन्यांत घरच्या घरी पाच हजारांहून जास्त लेन्स काढल्या. मला या गोष्टीतली लिंडा फार आवडते. सणासुदीच्या दिवसांत नवऱ्याने घरात असा पसारा मांडला तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. :)

१९६५ मध्ये चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीने हक्क एका अमेरिकन कंपनीला विकले, त्यांच्याकडून ते बॉश अँड लोम्बकडे गेले, आणि मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सॉफ्ट लेन्सला मंजुरी दिली. ती देताना एफडीएने या लेन्सला औषधाच्या यादीत घातलं. चष्म्याच्या नव्हे, औषधाच्या! हे वाचून मी आधी सरकारी खाक्या म्हणून हसले होते. मग कारण वाचलं. या लेन्समध्ये वजनाच्या जवळजवळ ३८ टक्के पाणी असतं. हार्ड लेन्स पाण्यात पडली तरी कोरडीच; सॉफ्ट लेन्स म्हणजे स्वतःच एक घोटभर पाणी. बाहेरच्या पाण्यात जे असेल ते तिला चिकटणार, तिच्यात मुरणार, आणि तीच दिवसभर गुदमरत्या बुबुळावर बसणार. अधिकाऱ्यांना भीती जंतूंची होती. आणि भीती रास्त होती, एवढंच पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवलं.

म्हणून पहिला नियम ठरला: रोज रात्री उकळा. लेन्ससोबत विजेवर चालणारं छोटं यंत्र मिळायचं. डबीत खारं पाणी, त्यात लेन्स, डबी यंत्रात, आणि सकाळपर्यंत गार. बाळाच्या बाटल्या उकळतात तसंच. जंतू मारायला उकळण्यासारखं दुसरं काही नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे आलेल्या कुठल्याच रसायनाने इतकं खात्रीचं काम केलं नाही. पण लोकांना कटकट वाटली. शिवाय अश्रूंमधली प्रथिनं लेन्सवर रोज शिजून बसायची. दूध उतू जाऊन शेगडीवर करपतं ना, तसा थर. तो काढायला वेगळ्या गोळ्या आल्या, त्यांत पपेन, म्हणजे पपईच्या चिकातला पाचक पदार्थ. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्ची पपई लावतात, तीच युक्ती डोळ्यांच्या दुकानात.

या उकळण्यासाठी जे खारं पाणी लागे त्यातच पहिला मोठा घात झाला. तयार सलाइन महाग, म्हणून मिठाच्या गोळ्या मिळायच्या. बाटलीभर डिस्टिल्ड वॉटर घ्या, गोळी टाका, हलवा, झालं सलाइन. अडचण अशी की ‘डिस्टिल्ड’ म्हणजे निर्जंतुक नव्हे. तो आपला एक गोड गैरसमज आहे. हे पाणी उकळण्याच्या आधी किंवा उकळताना वापरायला ठीक होतं, कारण पुढे आच होती. पण लोक सकाळी उकळलेल्या, स्वच्छ झालेल्या लेन्स त्याच बाटलीतल्या पाण्याने शेवटची धार देऊन डोळ्यात घालत. बाटली बेसिनवर पंधरा-पंधरा दिवस उघडी. शिळं पाणी.

त्यात राहायला कोण आलं? अकँथमीबा. हा अमीबा मातीत, तळ्यात, नळात, टाकीत, अगदी सगळीकडे असतो. जंतू हे त्याचं अन्न. संकट आलं की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो, आणि मग नळातल्या क्लोरिनला दाद देत नाही. १९३० मध्ये अल्डो कास्तेलानी या शास्त्रज्ञाला तो एका प्रयोगाच्या बशीत आगंतुक म्हणून सापडला. माणसाच्या डोळ्यात तो शिरू शकतो हे कळायला १९७० चं दशक उजाडलं, आणि तेव्हाही ती लाखात एखादी नवलाची गोष्ट होती. १९८५-८६ मध्ये अमेरिकेत अचानक रुग्ण वाढले. सीडीसी या त्यांच्या रोगनियंत्रण संस्थेने रुग्ण आणि निरोगी लेन्सवाले यांची तुलना केली. १९८७ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत ७८ टक्के रुग्ण घरी केलेलं सलाइन वापरत होते. निरोगी लोकांत हे प्रमाण ३० टक्के. लेन्स लावून पोहणारे रुग्णांत ६३ टक्के, इतरांत ३०. दोन ओळी छापल्या गेल्या त्या इथून. मिठाच्या गोळ्या हळूहळू बाजारातून गेल्या.

हा आजार वाईट आहे. वेदना इतक्या की डोळा काढून टाका म्हणण्याची पाळी येते, आणि बाहेरून मात्र सुरुवातीला विशेष काही दिसत नाही. डॉक्टरही नागीण-हर्पिस समजून त्याचे उपचार करत बसतात. १९८५ पर्यंत औषधाने तो बरा झाल्याची नोंदसुद्धा नव्हती. आजही महिनोन्‌महिने तासातासाला थेंब घालावे लागतात, आणि मागे डोळ्यात कायमचं फूल राहण्याची शक्यता असतेच.

जाता जाता एक आपल्या कामाची गोष्ट. हा आजार ब्रिटनमध्ये इतर पुढारलेल्या देशांपेक्षा जास्त का, याचा शोध घेताना तिथल्या संशोधकांनी घरांच्या माळ्यावर पाहिलं. तिथल्या जुन्या घरांत पाणी आधी माळ्यावरच्या टाकीत साठतं आणि मग न्हाणीघरातल्या नळाला येतं. साठवणीच्या त्या पाण्यात अमीबा सुखाने नांदत होता. वाचता वाचता मी आपोआप छताकडे पाहिलं. आमच्या सोसायटीची टाकी गच्चीवर आहे. तुमचीही असणार. ‘हात धुवा’ या ओळीच्या पुढे ‘आणि कोरडे पुसा’ असं लिहिलेलं असतं, त्यातला महत्त्वाचा भाग दुसरा आहे.

१९८१ साली एफडीएने एक सवलत दिली, तीस दिवस सलग, झोपेतसुद्धा लेन्स ठेवायला. जाहिरातींना ऊत आला. आठ वर्षांनी, १९८९ मध्ये, न्यू इंग्लंड भागातल्या रुग्णांवरून हिशेब छापून आला. रोज रात्री काढायच्या सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या दर दहा हजार माणसांत वर्षाला सुमारे ४ जणांच्या बुबुळाला जखम होऊन जंतू शिरतात, आणि महिनाभर ठेवायच्या लेन्समध्ये सुमारे २१ जणांच्या. त्याच वर्षी एफडीएने तीस दिवसांचे सात केले. मिटलेल्या पापणीखाली आधीच बेताचा प्राणवायू, त्यावर झाकण. फिकच्या सशांनी जे १८८८ मध्ये सांगितलं होतं तेच पुन्हा. पुढे जास्त प्राणवायू सोडणाऱ्या सिलिकोनच्या लेन्स आल्या आणि २००१ मध्ये तीस रात्रींची परवानगी काहींना पुन्हा मिळाली. प्राणवायूचा प्रश्न बराच सुटला. पण झोपेत शिरणाऱ्या जंतूंचा सुटला नाही, हे लेन्सवाल्यांना सहसा सांगितलं जात नाही.

मधल्या काळात उकळणं मागे पडलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, जे जालीम आहे आणि म्हणून चांगलं आहे, फक्त त्याची धग पूर्ण शमल्याशिवाय लेन्स डोळ्यात घातली तर माणूस बेसिनपाशी नाचतो. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी एकाच बाटलीत सगळं आलं. तेच धुवायला, तेच भिजवायला, तेच जंतू मारायला. त्यातल्या एका लोकप्रिय जंतुनाशकाचे भाईबंद पोहण्याच्या तलावातही वापरतात. इथवर ठीक. पण कंपन्यांची स्पर्धा आता एकाच गोष्टीवर होती: माणसाचे कष्ट आणखी किती कमी करता येतील. २००० च्या सुमारास बाटल्यांवर नवे शब्द झळकले, ‘चोळायची गरज नाही’.

मला हा सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. चोळणं म्हणजे काय? तळहातावर लेन्स ठेवून, दोन थेंब टाकून, बोटाच्या पेराने वीसेक सेकंद पुढे-मागे. बस. पण भांडी नुसती साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली तर स्वच्छ होतात का? घासावी लागतात. माठाच्या आत जो बुळबुळीत थर धरतो तो नुसतं पाणी ओतून जातो का? जंतू एकेकटे राहत नाहीत, ते असा चिकट थर करून त्यात दडून बसतात आणि औषध वरून वाहून जातं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने हे कंपनीला फुकटात सांगितलं असतं.

२००४ मध्ये बॉश अँड लोम्बने एक नवं सोल्यूशन आणलं, लेन्स दिवसभर ओलसर ठेवणारं. नावातच ओलावा होता. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. २००५ मध्ये हाँगकाँगच्या आणि मग सिंगापूरच्या डॉक्टरांना लेन्सवाल्या तरुण मुलामुलींच्या डोळ्यांत फ्युजेरियम नावाची बुरशी दिसायला लागली. मार्च २००६ मध्ये अमेरिकेतही तेच. सीडीसीने तिथे एकूण १६४ रुग्ण निश्चित केले. त्यांपैकी ५५ जणांना दुसऱ्या कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवावं लागलं. १५ मे २००६ रोजी कंपनीने ते सोल्यूशन जगभरातून मागे घेतलं.

कारखान्यात बुरशी शिरली असणार असं आधी सगळ्यांना वाटलं. पण बंद बाटल्या निर्दोष निघाल्या. शिवाय रुग्णांच्या डोळ्यांतून निघालेली बुरशी एका वाणाची नव्हती, वेगवेगळ्या जातींची होती. म्हणजे ती एका कारखान्यातून आलेली नव्हती, ज्याच्या त्याच्या बेसिनमधून, मोरीच्या जाळीतून आली होती. सोल्यूशन तिला मारू शकलं नाही, एवढंच. उष्णतेत त्यातलं औषध मंदावत होतं. डबीतलं पाणी उडून जाताना ओलावा धरणाऱ्या घटकाचा पापुद्रा होऊन बुरशीला आसरा देत होता. आणि लोक काय करत होते? चोळत नव्हते, कारण बाटली म्हणाली होती गरज नाही. डबीत कालचं सोल्यूशन तसंच ठेवून वरून आजचं ओतत होते.

या ओतण्याला माझ्या मते अगदी नेमकी उपमा विरजणाची आहे. दह्याच्या भांड्यात चमचाभर जुनं दही ठेवून वर दूध ओतलं की सकाळी भांडंभर दही होतं, ते त्या चमच्यामुळे. डबीतल्या कालच्या सोल्यूशनमध्ये जे तगून राहिलं ते विरजणच. इंग्रजी कागदावर यासाठी जी सूचना असते ती वाचून आमच्या भाचीला काही बोध झाला नव्हता. विरजण म्हटल्याबरोबर तिने डबी उलटी करून बेसिनमध्ये रिकामी केली.

फ्युजेरियमबद्दल आणखी एक सांगायचंय. अमेरिकेतल्या डॉक्टरांना २००६ मध्ये ती एक दुर्मीळ चीज वाटली. आपल्याकडच्या नेत्ररुग्णालयांना, विशेषतः दक्षिणेत, ती रोजच्या ओळखीची होती. उसाचं पातं डोळ्याला लागतं, मळणीत कणसाचं कुसळ उडतं, भाताची काडी टोचते, आणि आठवड्याभरात बुबुळावर पांढुरका डाग पसरू लागतो. शेतकरी आधी घरगुती उपाय करतो, मग मेडिकलच्या दुकानातून थेंब आणतो, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांच्यासाठी कुठली बाटली मागे घेतली गेली नाही, कुठल्या वाहिनीवर बातमी आली नाही. त्यांना टाळता येण्यासारखं फारसं हातातही नसतं. शेतात जाणं थोडंच टाळता येतं? लेन्सवाल्याला मात्र टाळता येतं. दोन्ही डोळ्यांत एकच बुरशी, पण हा फरक माझ्या मनातून जात नाही.

मे २००७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचं सोल्यूशन अकँथमीबामुळे परत घेतलं गेलं. २००८ साली एफडीएच्या तज्ज्ञ समितीने बसून चर्चा केली आणि चोळणं पुन्हा हवं असा सूर लावला. आज जाणकार डॉक्टर एकमुखाने सांगतात, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, चोळा.

एक वाट राहिली, धुण्याची भानगडच नको ही. डेन्मार्कमध्ये स्वस्तात लेन्स पाडण्याचं तंत्र निघालं, जॉन्सन अँड जॉन्सनने ते घेतलं, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आठवड्याने फेकायच्या आणि १९९० च्या दशकात रोज फेकायच्या लेन्स आल्या. २०२२ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातल्या रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. रोज फेकायच्या लेन्सच्या तुलनेत धुऊन वापरायच्या लेन्समध्ये अकँथमीबाचा धोका जवळपास चौपट निघाला. लेन्स लावून शॉवर घेणं, झोपणं, यांनीही धोका वाढतो असं त्यातच पुन्हा दिसलं. सगळ्यात चांगली स्वच्छता म्हणजे वस्तू टाकून देणं, हे आमच्या काटकसरी घरात कुणाला पटवायचं? आत्याचा पहिला प्रश्न होता, ‘एका दिवसात काय खराब होतं गं तिला? धुऊन आठ दिवस चालवायची.’ तसं चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्या लेन्स धुण्यासाठी केलेल्याच नसतात.

भाचीचं बारावी झालं. ती आता रोज फेकायच्या लेन्स लावते. हे सगळं पुराण मी तिला दोन संध्याकाळी ऐकवलं. विख्तर्लेचं खेळणं तिला आवडलं, अमीबाचे फोटो तिने मोबाइलवर शोधून मैत्रिणींना पाठवले. पोहण्याची गोष्ट आली तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती रोज सकाळी पोहायला जाते.

‘मग मी काय करू, मावशी? मला समोरची भिंतपण दिसत नाही गं.’

पोहण्याचे गॉगल नंबरचे मिळतात. तिचा दोन्ही डोळ्यांचा उणे सहा आहे. दुकानात फोन करून विचारलंय, आहेत म्हणाले. रविवारी जाऊन घेऊन येणार आहोत.